महाविद्यालयीन फुटबॉल संघासाठी स्टेडियम किती मोठे असावे?

उत्तरकिनारा

नमस्कार मंडळी,

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या एव्हान्स्टन शहरात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. या विद्यापीठाने १९२६ पासून वापरात असलेले आपले फुटबॉल स्टेडियम २०२४ मध्ये पाडले. त्याची आसनक्षमता ४७,१३० होती. त्याच जागी, २०२६ च्या हंगामासाठी, सुमारे ८५ कोटी डॉलर खर्चाचे नवे रायन फील्ड योजले गेले आणि त्याची क्षमता ३५,००० ठरवण्यात आली. पैसा एवढा मोठा आणि आसने मात्र बारा हजारांनी कमी, हे गणित आमच्या परिसरातील मराठी मंडळींच्या गप्पांत पुष्कळदा निघते. हे विद्यापीठ ज्या 'बिग टेन' गटात खेळते, त्यात मिशिगन, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट या तिघांची स्टेडियम एक लाखाहून अधिक क्षमतेची आहेत. (हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

माझा प्रश्न असा आहे की, एखाद्या महाविद्यालयीन संघाचे स्टेडियम किती मोठे असावे हे नेमके कशावरून ठरवावे? विद्यार्थ्यांच्या संख्येवरून, गावाच्या लोकसंख्येवरून, माजी विद्यार्थी किती दूर राहतात यावरून, की संघ किती जिंकतो यावरून? माझे स्वतःचे मत असे आहे की, क्षमता हंगामातील सर्वांत मोठ्या सामन्यावरून न ठरवता सर्वांत साध्या शनिवारावरून ठरवावी. म्हणजे प्रतिस्पर्धी दुबळा आहे, नोव्हेंबरची थंडी आहे, आपला संघ चार सामने हरलेला आहे, आणि तरीही जे लोक येतात त्यांची संख्या हा पाया धरावा. आपणा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील.

अ‍ॅनआर्बरचा_भाऊ

साध्या शनिवारावरून स्टेडियम बांधायचे ठरवले असते, तर आमचे मिशिगन स्टेडियम कधी उभेच राहिले नसते. फील्डिंग योस्ट यांनी ते १९२७ मध्ये बांधले तेव्हा कायम आसने ७२,००० होती आणि तेवढ्यावरही लोकांनी नाके मुरडली होती. परंतु पुढे एक लाखाच्या वर जाता यावे अशा बेताने त्यांनी पाया आधीच घालून ठेवला होता. आज क्षमता १,०७,६०१ आहे, आणि प्रेक्षकांविना गेलेला २०२० चा हंगाम वगळला तर १९७५ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक घरच्या सामन्याला एक लाखाहून अधिक उपस्थिती नोंदली गेली आहे. खर्चासाठी त्यांनी रोखे विकले आणि रोखेधारकांना चांगल्या जागांच्या तिकिटांचा अग्रहक्क दिला. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

निळाकंदील

शेवटचा एक कोणासाठी?

अ‍ॅनआर्बरचा_भाऊ

@निळाकंदील, ते एक आसन फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या सन्मानार्थ आहे. ते आमचे प्रशिक्षक होते आणि पुढे क्रीडाविभागाचे प्रमुख झाले. १९५६ मध्ये क्षमता १,०१,००१ झाली, तेव्हापासून अधिकृत आकड्याच्या शेवटी एक ठेवण्याची प्रथा आहे. ते आसन नेमके कोणते, हे कोणी सांगत नाही.

हिशेबनीस

भाऊंनी १९७५ पासूनची गोष्ट सांगितली आणि मधली वर्षे सोईस्करपणे गाळली. १९५६ मध्ये एक लाखाच्या वर गेलेले हे स्टेडियम १९६० च्या दशकात कित्येक शनिवारी अर्धे रिकामे असे. १९६८ मध्ये डॉन कॅनहॅम क्रीडाविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी जाहिरात, टपाल आणि विक्री यांचा असा धडाका लावला की त्यापुढे जागा भरू लागल्या, आणि १९६९ मध्ये बो शेम्बेक्लर प्रशिक्षक म्हणून आल्यावर संघही जिंकू लागला. तात्पर्य हे की, मोठे स्टेडियम आपोआप भरत नाही. ते भरण्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि विजय मिळवावे लागतात. योस्ट यांची दूरदृष्टी सिद्ध व्हायला चाळीस वर्षे लागली. तेवढा धीर आजच्या किती विद्यापीठांच्या खजिनदारांत आहे?

माझ्या व्यवसायामुळे मला आकड्यांची खोड आहे, म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. जाहीर होणारी उपस्थिती ही बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची संख्या असते. दारावर प्रत्यक्ष तपासल्या गेलेल्या तिकिटांची संख्या तिच्याहून कमी असते, कधी कधी पुष्कळच कमी. धागाकर्त्यांचा 'साधा शनिवार' मोजायचा असेल, तर तो दारावरच्या आकड्याने मोजावा.

पिट्सबर्गची_वैनी

मला उत्तरकिनारा यांचे म्हणणे पटते, आणि त्यासाठी आमच्या शहराचे उदाहरण पुरेसे आहे. पिट विद्यापीठाचे स्वतःचे स्टेडियम १९२५ पासून ओकलंड भागात, अगदी वर्गखोल्यांच्या शेजारी होते. १९९९ च्या हंगामानंतर ते पाडले आणि तेथे बास्केटबॉलचे सभागृह बांधले. २००१ पासून विद्यापीठाचा संघ नदीकाठच्या, व्यावसायिक स्टीलर्स संघासाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये खेळतो. तेथे ६८,४०० पिवळ्या खुर्च्या आहेत. पंचेचाळीस हजार लोक आले तर ती गर्दी कोणत्याही निकषाने उत्तमच म्हणावी लागेल, परंतु दूरचित्रवाणीवर दिसतात त्या रिकाम्या पिवळ्या रांगा, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती त्यांचीच. मुलांना बसने शहर ओलांडून जावे लागते; संघ मागे पडला की मध्यंतरातच परतीच्या बसपाशी रांग लागते.

मात्र २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना अनेक वर्षांनी पुन्हा झाला, तेव्हा सत्तर हजारांहून अधिक लोक आले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशा एका रात्रीसाठी बाकीचे शनिवार ओस सोसावेत का, हा प्रश्न आहे.

सह्यकडा

आपण लग्नासाठी मंगल कार्यालय ठरवतो तसाच हा प्रकार दिसतो. पत्रिका किती वाटल्या यावर कार्यालय घेतले की निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि घरच्यांचीच संख्या धरली की पाहुणे उभ्याने जेवतात.

हिशेबनीस

@सह्यकडा, कार्यालय एका दिवसापुरते भाड्याने मिळते. स्टेडियम पन्नास वर्षांसाठी बांधले जाते आणि वर्षातून सहा-सात शनिवारच वापरले जाते, हीच तर खरी अडचण आहे. हंगामात नियमित सामने बारा असतात आणि त्यांतले निम्मे परगावी होतात.

गवाक्ष

मी या विषयात अगदी नवीन आहे. व्यावसायिक संघांची स्टेडियम महाविद्यालयांच्या स्टेडियमपेक्षा लहान का असतात, हे कोणी समजावून सांगेल का? आमच्या महाविद्यालयात सामन्याला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि कँटीनमधला पोऱ्या एवढेच असत.

स्थापत्य

@गवाक्ष, याची दोन कारणे आहेत. एक समाजाचे आहे आणि दुसरे बाकांचे.

समाजाचे कारण असे की, अनेक राज्यांत व्यावसायिक संघच नाही आणि विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ असतो. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. परंतु लिंकन येथील त्यांच्या स्टेडियमची सर्व तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली गेल्याची नोंद आहे. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन यांच्याखालोखाल राज्यातील सर्वांत मोठी वस्ती त्या स्टेडियममध्ये असते, असे तेथे अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही आहे.

बाकांचे कारण अधिक रंजक आहे. जुन्या महाविद्यालयीन स्टेडियममध्ये पाठ नसलेली लांब बाके असतात आणि त्यांवर साधारण अठरा-अठरा इंचांवर क्रमांक रंगवलेले असतात. या अठरा इंचांत जाड कोट घातलेला माणूस बसतो, असे कागदोपत्री गृहीत धरलेले आहे. त्याच ओळीत बावीस इंचांच्या खुर्च्या बसवल्या, तर शंभर जणांच्या जागी एक्याऐंशी जण मावतात. शिवाय खुर्चीपुढे पाय ठेवायला जागा लागते, म्हणून पायऱ्या खोल कराव्या लागतात आणि ओळींची संख्याही घटते. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाने 'क्षमता कमी केली' असे वाचल्यावर प्रेक्षक घटले असा निष्कर्ष लगेच काढू नये. कधी कधी केवळ माणसांना माणसांसारखे बसवलेले असते.

मृण्मयी_एन

स्थापत्य यांनी सांगितलेल्या मुद्द्याला जोड देते. व्हीलचेअरच्या जागांचा हिशेब या चर्चांत नेहमी शेवटी येतो, आणि तो आधी यायला हवा. अमेरिकेतील सध्याच्या नियमांनुसार नव्या स्टेडियममध्ये पाच हजार आसनांपर्यंत ३६ आणि त्यापुढे दर दोनशे आसनांमागे एक अशा जागा ठेवाव्या लागतात. म्हणजे ३५,००० आसनांसाठी किमान १८६, आणि प्रत्येकीच्या शेजारी सोबत्यासाठी एक आसन. त्या सर्व एका कोपऱ्यात ढकलून चालत नाही. वेगवेगळ्या बाजूंना आणि वेगवेगळ्या दरांत त्या मिळाव्या लागतात. मिशिगन स्टेडियमवर याच कारणासाठी २००७ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने दावा लावला होता. २००८ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या नूतनीकरणात व्हीलचेअरच्या जागा पुष्कळ वाढवण्यात आल्या. माझ्या सासऱ्यांना घेऊन आम्ही सामन्यांना जातो, तेव्हा एकूण क्षमता किती यापेक्षा उद्वाहक किती आणि स्वच्छतागृह किती अंतरावर, हेच आमच्यासाठी स्टेडियमचे माप असते.

निळाकंदील

स्वच्छतागृहाच्या रांगेवरून क्षमता ठरवावी, असा ठराव मी मांडतो.

सह्यकडा

अनुमोदन.

ताम्हणघाट

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहतो. येथे एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्धी अशा दोन विद्यापीठांनी साधारण पाच-सहा वर्षांच्या अंतराने हाच प्रश्न दोन निराळ्या प्रकारे सोडवला, आणि ती तुलना या धाग्यासाठी फार उपयोगी आहे.

स्टॅनफर्डचे स्टेडियम १९२१ चे होते. वाढत वाढत ते ८५,००० च्या आसपास गेले. तेथे १९८५ चा सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) आणि १९९४ च्या सॉकर विश्वचषकाचे सामने झाले; परंतु विद्यापीठाच्या नेहमीच्या सामन्याला ते मैदान म्हणजे एक प्रचंड मातीचा वाडगा वाटे आणि मधल्या धावपट्टीमुळे प्रेक्षक खेळापासून दूर पडत. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटचा घरचा सामना संपताच पाडकाम सुरू झाले आणि २००६ च्या सप्टेंबरमध्ये पन्नास हजारांचे नवे स्टेडियम तयार होते. जॉन अरिलागा या माजी विद्यार्थ्याने, जो स्वतः मोठा बांधकाम व्यावसायिक होता, देणगी दिली आणि कामावर देखरेखही केली. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर झाला. धावपट्टी काढली, आसने मैदानालगत आणली.

बर्कलीचे मेमोरियल स्टेडियम १९२३ चे, डोंगराच्या कुशीत, आणि अगदी हेवर्ड भूभ्रंशरेषेवर बसलेले आहे. भूकंपाच्या भीतीने ते दुरुस्त करणे अपरिहार्य होते. दुरुस्तीचा खर्च बत्तीस कोटी डॉलरच्या घरात गेला, शेजारच्या सराव केंद्राचा वेगळा, आणि क्षमता बहात्तर हजारांवरून त्रेसष्ट हजारांच्या आसपास आली. हा पैसा उभा करण्यासाठी उत्तम जागांचे चाळीस-पन्नास वर्षांचे हक्क विकायचे ठरले होते. ते अपेक्षेप्रमाणे विकले गेले नाहीत, आणि कर्जाचा भार शेवटी विद्यापीठालाही उचलावा लागला. त्या कर्जाचे शेवटचे हप्ते पुढच्या शतकात फेडायचे आहेत.

माझे निरीक्षण असे आहे की, बर्कलीची चूक आसनांच्या एकूण संख्येत नव्हती, तर त्यांपैकी किती आसने महागड्या दराने विकली जातील या अंदाजात होती. म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नात मी दुरुस्ती सुचवतो: 'किती आसने' हा एक प्रश्न नाही, 'कोणत्या दराची किती आसने' असे चार-पाच वेगवेगळे प्रश्न आहेत.

हिशेबनीस

ताम्हणघाट यांनी अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. वरच्या कोपऱ्यातील दहा हजार बाके बांधायला, झाडायला आणि राखायला खर्च येतोच, आणि तेथील तिकिटे दुबळ्या प्रतिस्पर्ध्याच्या दिवशी जवळपास फुकट वाटावी लागतात. याउलट खासगी कक्ष आणि गाद्यांच्या खुर्च्या थोड्या असल्या तरी उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो, कारण त्यांना वार्षिक देणगी जोडलेली असते. आणखी एक गोष्ट: दुर्मीळता. स्टेडियम मोठे असले की लोक म्हणतात, 'सीझन तिकीट कशाला घ्यायचे, शुक्रवारी रात्री निम्म्या किमतीत मिळेल.' लहान असले की जुलैतच पैसे भरतात. हे गणित समोर असताना नॉर्थवेस्टर्नचा आकडा मला आश्चर्यकारक वाटत नाही. त्यांच्याकडे पदवीचे विद्यार्थी आठ हजारांच्या आसपास आहेत आणि त्या गटात एवढे लहान विद्यापीठ दुसरे नाही.

अ‍ॅनआर्बरचा_भाऊ

हिशेबनीस साहेब, आपला हिशेब खजिनदाराच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु त्यात माणूस कोठे बसतो ते सांगा. आम्ही मिशिगनला एम.एस. करायला आलो तेव्हा विद्यार्थ्यांच्या तिकिटावर, कोपऱ्यातल्या वरच्या बाकावर बसूनच हा खेळ शिकलो. शेजारी बसलेला टोलेडोचा गवंडी आणि त्याच्या दोन मुली आम्हाला नियम समजावून सांगत. आपल्या 'दुर्मीळते'च्या स्टेडियममध्ये ना तो गवंडी असेल, ना आम्ही. स्वस्त दहा हजार बाके हा तोटा नाही. पुढच्या पिढीचा प्रेक्षक तेथे तयार होतो. सार्वजनिक विद्यापीठाने करदात्यांच्या मुलांसाठी जागा ठेवायची नाही, तर कोणी ठेवायची?

पिट्सबर्गची_वैनी

भाऊ, भावना समजते, परंतु आता ती मुले तिकीट फुकट दिले तरी शेवटपर्यंत बसत नाहीत. अलाबामासारख्या वारंवार राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक निक सेबन यांनीसुद्धा विद्यार्थी लवकर उठून जातात म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१९ मध्ये त्या विद्यापीठाने मोबाइलवरील अ‍ॅपच्या साहाय्याने, शेवटच्या सत्रापर्यंत स्टेडियममध्ये थांबणाऱ्या विद्यार्थ्यांना गुण देण्याची योजना आणली.

निळाकंदील

म्हणजे वर्गातली हजेरी ऐच्छिक आणि सामन्यातली सक्तीची. असे विद्यापीठ आमच्या वेळी का नव्हते?

सह्यकडा

प्रॉक्सी लावणारे मित्र तेथेही दोन-दोन मोबाइल घेऊन बसत असतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

बाकडेवाला

मी ओहायोत राहतो, आणि मला वाटते की 'मोठे की लहान' असा सरळ सामना लावण्यापेक्षा 'वाढवता येण्याजोगे' हा तिसरा मार्ग पाहावा. ओहायो स्टेडियम १९२२ मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे बांधले, म्हणजे एक बाजू उघडी ठेवली. तेव्हा क्षमता ६६,२१० होती. पहिल्या सामन्याला पंचवीस हजारांच्या आसपासच लोक आले, तेव्हा 'हे अवाढव्य बांधकाम कशाला' असे म्हणणाऱ्यांना जोर आला. दोनच आठवड्यांनी मिशिगन संघ आला आणि सत्तर हजारांहून अधिक लोक लोटले. पुढे उघड्या बाजूला तात्पुरती बाके लावून किती तरी वर्षे काम भागले आणि कायमचा स्टँड बांधला गेला तो थेट या शतकाच्या सुरुवातीच्या नूतनीकरणात. आज क्षमता १,०२,७८० आहे. मिनेसोटा विद्यापीठाने २००९ मध्ये पन्नास हजारांचे नवे स्टेडियम बांधले, तेव्हाही पुढे ऐंशी हजारांपर्यंत वाढवता येईल अशी तरतूद ठेवली होती. अजून कोणाला तशी गरज भासलेली नाही, आणि न भासल्याने काही बिघडलेलेही नाही. सॅन दिएगो स्टेटने २०२२ मध्ये तसेच केले: सत्तर हजारांचे जुने शहरी स्टेडियम सोडून पस्तीस हजारांचे स्वतःचे बांधले, आणि वाढीला जागा ठेवली.

एक अवांतर, परंतु विषयाला धरून: हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे स्टेडियम बांधले, ते इतके पक्के की पुढे खेळातील दुखापती कमी करण्यासाठी मैदान चाळीस फुटांनी रुंद करावे अशी सूचना आली तेव्हा ते बाजूला सरकवणे शक्यच नव्हते. मग १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा देणारा नियम आला, आणि आजचा खेळ घडला तो त्या नियमाने. स्टेडियमच्या मापाने खेळाचे नियम बदलल्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

स्थापत्य

@बाकडेवाला, वाढीव तरतुदीला किंमत असते, हे लोक विसरतात. पुढे वरचा मजला चढवायचा असेल, तर आजच जाड स्तंभ आणि खोल पाया घालावा लागतो. तो मजला कधीच चढला नाही, तर तो पैसा जमिनीत गेला. योस्ट यांना ते स्वस्तात जमले, कारण त्यांचे स्टेडियम बव्हंशी जमिनीत खोदलेले होते आणि वाढ म्हणजे कडेने वरच्या दिशेला ओळी चढवणे एवढेच होते. आणि अगदीच गरज पडली तर स्टेडियम हलवताही येते: पेन स्टेटने १९६० च्या हंगामाआधी आपले पोलादी स्टेडियम सुटे करून विद्यापीठाच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा जोडले आणि त्यात आसने वाढवली. आज त्याची क्षमता एक लाख सहा हजारांवर आहे आणि सत्तर कोटी डॉलरचे नूतनीकरण हाती घेतलेले आहे.

गवाक्ष

लहान करण्याचा निर्णय चांगला ठरल्याचे एखादे उदाहरण आहे का? आतापर्यंत लहान स्टेडियमच्या बाजूने फक्त हिशेब ऐकला, खेळ ऐकला नाही.

ताम्हणघाट

@गवाक्ष, न्यू ऑर्लिन्सचे ट्युलेन विद्यापीठ पाहा. त्यांच्या आवारात एके काळी ऐंशी हजारांचे स्टेडियम होते; पहिल्या नऊ सुपर बोलांपैकी तीन तेथे झाले. १९७५ मध्ये संघ सुपरडोममध्ये गेला आणि जुने स्टेडियम काही वर्षांत पाडले गेले. त्या भव्य छताखाली, सत्तर हजार आसनांमध्ये, ट्युलेनचे काही हजार प्रेक्षक हरवून जात. २०१४ मध्ये त्यांनी आवारातच तीस हजारांचे यूलमन स्टेडियम बांधले. शेजाऱ्यांचा विरोध होता, गल्ल्या अरुंद आहेत, तरी बांधले. २०२२ च्या हंगामात त्यांनी आपल्या गटाचे विजेतेपद त्याच मैदानावर मिळवले आणि जानेवारी २०२३ मध्ये कॉटन बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ४६-४५ असे हरवले. स्टेडियम लहान केल्याने सामना जिंकला, असे मी म्हणणार नाही. परंतु संघाला पुन्हा 'घर' मिळाले हे नक्की.

मृण्मयी_एन

उलट उदाहरणही द्यायला हवे. अ‍ॅक्रन विद्यापीठाने २००९ मध्ये आवारातच तीस हजारांचे नवे स्टेडियम बांधले. आकडा ट्युलेनचाच, जागाही आवारातच, तरी अनेक हंगामांत सरासरी उपस्थिती क्षमतेच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. तेथून मोटारीने दोन तासांवर, कोलंबस शहरात, ओहायो स्टेट आहे, हे एक मोठे कारण मानले पाहिजे. राज्यातील माणसाचे मन आणि शनिवार दोन्ही आधीच कोलंबसला गहाण पडलेले आहेत. म्हणून क्षमता ठरवताना आपल्या विद्यापीठाकडे जितके पाहायचे, तितकेच शेजाऱ्यांकडेही पाहावे.

हिशेबनीस

मृण्मयीताई, अशा संघांच्या बाबतीत एक नियमही आड येत असे. सर्वोच्च विभागात राहायचे तर सरासरी पंधरा हजारांची उपस्थिती दाखवावी लागे, त्यामुळे कागदावर तेवढी माणसे दिसतील असे स्टेडियम बांधण्याकडे कल असायचा. ती अट २०२३ मध्ये काढली गेली. यापुढे अठरा-वीस हजारांचे नेटके स्टेडियम बांधायला कोणी कचरण्याचे कारण उरलेले नाही.

उत्तरकिनारा

सर्वांचे आभार. चर्चा पुष्कळ फिरून आल्यावर मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण नॉर्थवेस्टर्नच्या बाबतीत दोन गोष्टी अजून कोणी मांडलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट पाहुण्यांची आहे. शिकागो परिसरात बिग टेनमधील प्रत्येक विद्यापीठाचे माजी विद्यार्थी हजारोंनी राहतात. जुन्या स्टेडियममध्ये ओहायो स्टेट किंवा नेब्रास्काचा सामना असला की निम्म्याहून अधिक स्टँड लाल दिसत असे आणि आमच्या संघाला स्वतःच्याच मैदानावर पाहुण्यासारखे वाटत असे. बारा हजार आसने कमी झाली, ती मुख्यतः या पाहुण्यांची कमी झाली, असे मी समजतो. त्यांच्या तिकिटांचे उत्पन्न बुडते हे खरे, परंतु घरच्या मैदानाचा फायदा म्हणून काही असेल, तर तो येथेच मिळतो. नव्या रचनेत आवाज आत अडवणारे छत्र आहे, ते याच हेतूने.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची आहे. हे स्टेडियम बैठ्या घरांच्या वस्तीत आहे. विद्यापीठाला वर्षभर उत्पन्न हवे म्हणून तेथे संगीताचे कार्यक्रम भरवण्याची परवानगी हवी होती, आणि २०२३ मध्ये नगर परिषदेत मते समसमान पडल्यावर महापौरांच्या निर्णायक मताने ती मिळाली. याच वस्तीत साठ हजारांचा प्रस्ताव मांडला असता, तर तो चर्चेलाही आला नसता. म्हणजे क्षमतेची वरची मर्यादा रस्ते, रेल्वेस्थानक आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती यांनी आधीच आखलेली होती, आणि खालची मर्यादा साध्या शनिवाराने. पस्तीस हजार हा आकडा या दोहोंच्या मध्ये बसतो.

बांधकाम चालू असताना संघ सरोवराकाठच्या बारा हजारांच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये खेळला. तेथे मागे पाणी, समोर मैदान आणि प्रत्येक आसन खेळाडूंचा आवाज ऐकू येण्याइतके जवळ. इतक्या लहान जागेत मला खेळ अधिक चांगला दिसला, परंतु तिकिटाची किंमत पाहून भाऊंच्या गवंड्याची आठवण झाली, हेही नमूद करतो.

बाकडेवाला

मोठ्या सामन्यांसाठी नॉर्थवेस्टर्न रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर जाते, तो मार्ग त्यांना उघडा आहेच. २०१० मध्ये तेथे एका टोकाची भिंत मैदानाच्या इतकी जवळ आली होती की दोन्ही संघांना एकाच दिशेने आक्रमण करावे लागले होते.

निळाकंदील

म्हणजे अर्धेच मैदान वापरले. उरलेल्या अर्ध्या मैदानाचे भाडे परत मिळाले का, याची हिशेबनीस यांनी चौकशी करावी.

अ‍ॅनआर्बरचा_भाऊ

उत्तरकिनारा, आपले विवेचन मान्य आहे, तरी एक शंका उरते. बिग टेनमध्ये २०२४ पासून अठरा संघ झाले आहेत, दूरचित्रवाणीचा पैसा वाढला आहे, आणि उद्या आपला संघ सलग पाच वर्षे जिंकू लागला, तर पस्तीस हजारांवर आपण अडकून पडाल. तेव्हा काय करणार?

स्थापत्य

माझ्या मते तेथे वाढ करणे फार अवघड जाईल. छत्र चारही बाजूंनी वर आलेले आहे, त्यामुळे ओहायोसारखी उघडी बाजू नाही आणि मिशिगनसारखी कडेने ओळी चढवण्याची सोयही नाही. हा आकडा पुढच्या पन्नास वर्षांचा आकडा आहे असे समजूनच तो घेतला गेला असावा. सलग पाच वर्षे विजय मिळाले, तर तिकिटांचे दर वाढतील, आसने वाढणार नाहीत.

हिशेबनीस

आणि खजिनदार त्या दिवशी पेढे वाटेल.

अ‍ॅनआर्बरचा_भाऊ

असे असेल, तर मिशिगन संघ तेथे खेळायला येईल त्या शनिवारची आमची चार तिकिटे, कोपऱ्यातली का होईना, उत्तरकिनारा यांनी आतापासूनच धरून ठेवावीत. पैसे आधी पाठवतो.